खडक किती फुटावर?

जमिनीतून काढलेले दगड लाकडी पेटीत ओळीनं मांडायचे, पेटीवर जागेची खूण करायची आणि तिथली इमारत उभी राहीपर्यंत पेटी जपून ठेवायची, असा आमच्या धंद्याचा नियम. इमारत उभी राहते. पेटी न्यायला कुणी येत नाही. मग पेटीवर पेटी चढत जाते आणि एक दिवस गोदामात माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. किश्शांचंही माझ्या डोक्यात तसंच झालंय. चार पेट्या तुमच्यासमोर उघडतो, म्हणजे मला जरा हलकं वाटेल.

धंदा काय, तर इमारत, पूल, टाकी, काहीही बांधायच्या आधी तिथं भोक पाडून जमिनीच्या पोटात काय आहे ते बघायचं. माती किती, मुरूम किती, खडक किती फुटावर. नाशकात आमचं एकच मशीन होतं. त्याचे मालक आणि इंजिनिअर सोनवणे साहेब. मशीन चालवणारा रंगनाथ. त्याची जीभ मशीनच्या पात्यापेक्षा धारदार. आणि तिसरा मी. माझी शाळा चौथीत सुटली. सगळे मला नाना म्हणत. मी पाइप जोडायचो, दगड पेटीत मांडायचो आणि फार बोलायचो नाही. बोलायला रंगनाथ होताच.

साहेबांचा एकच हट्ट होता. वर जे येईल तेच लिहायचं. खडक लागला नसेल तर 'लागला' म्हणून सही करायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याला बांधायचं असतं त्याला खडक वरच हवा असतो, म्हणजे पाया उथळ होतो. जो खडक वर दाखवत नाही त्या माणसाला पुढचं काम मिळत नाही. आम्हा तिघांच्या चुली साहेबांच्या सहीवर पेटत होत्या, आणि प्रत्येक जागेवर कुणी ना कुणी त्या सहीचा हात धरायला बसलेला असायचा.

*

गंगापूर रोडकडे एका बिल्डरनं सात मजल्यांची स्कीम काढली. भूमिपूजन झालं. फलक लागला. फलकावर रंगीत चित्र, चित्रात हिरवळीवर एक गोरी बाई कुत्रा घेऊन फिरतेय. निम्मे फ्लॅट बुक झाले. मग कुणीतरी सांगितलं, बँकेला मातीचा रिपोर्ट लागतो. तेव्हा आम्हाला बोलावणं!

रंगनाथ म्हणाला, "आधी लग्न, जेवणावळी, वरात. आणि आता पोरगी बघायला चला!"

जागा म्हणजे जुनी दगडखाण. वर्षानुवर्षं गावाच्या कचऱ्यानं भरलेली, आणि वरून छान लाल मुरूम पसरलेला. शेट खुर्ची टाकून सावलीत बसले. दर दहा मिनिटांनी तिथूनच विचारायचे, "खडक लागला का?"

वर काय येत होतं? प्लॅस्टिकच्या पिशव्या. फुटक्या फरशा. गादीचा कापूस. बारा फुटांवर एक निळी रबरी चप्पल आली, अर्धी.

"अहो, खडक लागला का?"

"शेट, डावी लागलीय," रंगनाथ ओरडला. "उजवी लागली की थांबतो!"

संध्याकाळी शेटनी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, ते कचरा वगैरे लिहू नका हो. 'मिश्र भराव' असं काहीतरी बरं लिहा." साहेबांनी लिहिलं: 'शून्य ते एकवीस फूट, कचरा.'

शेटनी तो रिपोर्ट ठेवून घेतला आणि दुसऱ्याकडून दुसरा आणला. त्यात खडक सहा फुटांवर होता. इमारत अजून उभी आहे, खोटं कशाला बोलू? फक्त कंपाउंडची भिंत दर दिवाळीच्या आधी नवी बांधतात. रहिवाशांना वाटतं, सोसायटी हौशी आहे.

*

जमीन किती घट्ट आहे हे बघायला एक जड हातोडा ठरलेल्या उंचीवरून पाइपवर सोडतात. पाइप फूटभर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. कमी ठोके म्हणजे जमीन मऊ, जास्त ठोके म्हणजे घट्ट. मोजायला सरकारी कामावर एक ओव्हरसिअर बसवलेला असतो.

पाण्याच्या टाकीच्या एका कामावर आम्ही सकाळी पोचलो, तर ओव्हरसिअर चहाच्या टपरीवर तक्ता भरत बसलेले. अठरा, बावीस, एकतीस. अक्षर मात्र मोत्यासारखं.

साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"ठोके."

"कुठले?"

"इथले. वीस वर्षांचा अनुभव आहे साहेब. जमीन बघितली की ठोके कळतात."

रंगनाथ हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, हातोडा अजून ट्रकमध्ये आहे."

ओव्हरसिअरनी मान वर केली नाही. "मग उतरवा की लवकर! मी तिसऱ्या भोकापर्यंत आलो!"

*

इगतपुरीला आषाढात काम काढू नये हे तिथल्या म्हशीलाही कळतं. मुंबईच्या एका सल्लागाराला कळत नव्हतं. आम्ही घोंगड्या पांघरून भाताच्या खाचरात उभे. त्यांची गाडी बांधापर्यंत आली. काच चार बोटं खाली झाली.

"वॉटर लेव्हल किती आहे?"

रंगनाथ म्हणाला, "आमच्या गुडघ्यापर्यंत. तुमच्या टायरच्या निम्म्यापर्यंत."

काच वर गेली.

साहेबांनी रिपोर्टात जे दिसलं ते लिहिलं: 'पाण्याची पातळी, जमिनीच्या वर नऊ इंच.' पंधरा दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. छापील कागद, खाली गोल शिक्का. 'पाण्याची पातळी जमिनीच्या खाली असते. कृपया दुरुस्ती करून पाठवावे.'

साहेबांनी पोस्टकार्ड टाकलं: 'जानेवारीत दुरुस्त होईल.'

*

निफाडला एका बागाईतदाराला द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेज बांधायचं होतं. घरचे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणायला लागलो. आमचं मशीन दिसलं की गावाला एकच वाटतं: बोअरवेल. आप्पांना आम्ही तीनदा समजावलं, आपण पाणी शोधायला आलेलो नाही. ते तिन्ही वेळा "हो, हो" म्हणाले आणि मशीनला नारळ फोडला.

अठरा फुटांवर पाणी लागलं. साहेबांचा चेहरा उतरला. पायाच्या खड्ड्यात पाणी म्हणजे बांधणाऱ्याला केवढा ताप! ते आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले, "आप्पा, वाईट बातमी आहे. पाणी फारच वर आहे."

आप्पांनी आधी साहेबांकडे बघितलं, मग भोकाकडे, आणि घराच्या दिशेनं पळतच सुटले. पाच मिनिटांत सगळं घर हजर! म्हाताऱ्या आई हळदीकुंकू घेऊन, सुना पोरांना काखेत मारून, आणि मागून गुलालाची पिशवी घेतलेला गडी. रंगनाथला टोपी घातली. मशीनला हार.

"साहेब," आप्पा म्हणाले, "माझ्या तीन विहिरी कोरड्या गेल्या. आणि पाणी लागलं म्हणून तोंड पाडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय! तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

कोल्ड स्टोरेज राहिलं बाजूला. आमच्या भोकाच्या जागेवर त्यांनी विहीर खणली. रिपोर्ट न्यायला आलेच नाहीत. परतताना द्राक्षांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या साहेबांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. मग म्हणाले, "नाना, इतक्या वर्षांत आपलं म्हणणं कुणीतरी लगेच ऐकलं. पण चुकीच्या कारणासाठी."

*

सिंहस्थाच्या आधीच्या वर्षी पंचवटीत एक यात्री निवास बांधायचं निघालं. गल्ली इतकी अरुंद की मशीन सुटं करून हातांनी आत न्यावं लागलं. पण जमीन छान होती. खाली काळाकुळकुळीत एकसंध खडक. असा खडक मशीननं कापून काढला की हातभर लांबीचे गोल, गुळगुळीत दांडे निघतात. बघत राहावंसं वाटतं. मी प्रत्येक तुकड्यावर रंगानं आकडा घातला, पेटीत मांडले आणि पेटी मालकांच्या अंगणात ठेवून आम्ही घरी आलो.

सकाळी बघतो तर सगळ्यांत देखणे तीन तुकडे गायब! आता आमच्या कामात पेटीतली रिकामी जागा म्हणजे जमिनीतली खराब जागा. तेवढ्या खोलीवर खडक तुटलेला आहे, असाच त्याचा अर्थ होतो. साहेब हैराण.

मी मालकांच्या आईंना विचारलं, "काकू, इथले दगड कुणी नेले का?"

"दगड?" काकू कडाडल्या. "जिभेला काही हाड आहे का तुमच्या?"

आत देवघरात तिघंही ओळीनं बसलेले. गळ्यात माळा, डोक्यावर बेल, वरून तांब्याच्या गळतीतून थेंब थेंब पाणी.

"चाळीस फुटांखालून आले ना? मग! माणसानं घडवले असते तर इतके गोल झाले असते का?"

रंगनाथनं तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी त्याच्या पायावर पाय दिला. मग स्वतः नळावर हातपाय धुतले, देवघरात गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, "काकू, मोजू का?" काकूंनी परवानगी दिली, पण टेप आधी गंगेच्या पाण्यानं धुवायला लावली. माझे आकडे अभिषेकात कधीच वाहून गेले होते. तेव्हा वरचा कुठला आणि खालचा कुठला हे मीच दगडाच्या छटेवरून, वाकून वाकून ओळखलं. काकूंना वाटलं, मी भाविक आहे.

त्या रिपोर्टच्या शेरा रकान्यात अजून असं लिहिलेलं आहे: 'तीन नमुने देवघरात. पाहणीस यावयाचे असल्यास आंघोळ करून यावे.'

*

दुसऱ्यांना हसलो, आता माझी एक सांगितली पाहिजे.

मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, म्हणून पेट्यांच्या झाकणांवर मी खुणा करायचो. अंबडच्या एका कारखान्याला फुली, आणि त्याच आठवड्यातल्या टेकडीवरच्या बंगल्याला गोल. पावसानं पेट्या घाईघाईत झाकल्या आणि झाकणं अदलाबदल झाली. साहेबांनी झाकणावर विश्वास ठेवून रिपोर्ट लिहिला: कारखाना, खडक चार फुटांवर.

कारखानदार पेढे घेऊन आले! पहिल्यांदाच कुणी साहेबांना मिठी मारली. पुढच्या तीन शेडचं काम तुम्हालाच, म्हणाले. रंगनाथनं दोन पेढे खाल्ले, चार खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी पेट्या रचताना फुलीची पेटी माझ्या हातात आली आणि हाताला लाल मुरूम लागला. अंबडच्या त्या जागेवर तर काळी माती होती. चप्पल ओढून घेणारी. पायाला ती अजून आठवत होती. मी पेटी खाली ठेवली. दुपारचा डबा उघडला नाही. मग साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, झाकणं बदलली. माझ्या हातून."

साहेब उठले. स्कूटरला किक मारली आणि मला मागं बसायला सांगितलं. कारखान्यात जाऊन नवा रिपोर्ट समोर ठेवला. खडक चार नाही, एकोणीस फुटांवर.

कारखानदारांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून शांतपणे वाचले. मोठा समजूतदार माणूस. माझ्याकडे बघून म्हणाले, "चूक माणसाच्या हातूनच होते, नाना. मनाला लावून घेऊ नका." मग साहेबांकडे वळले. "आपण असं करू. चूकच ठेवू!"

साहेबांनी जुना रिपोर्ट उचलला आणि तिथंच फाडला. तिन्ही शेड गेल्या. दोन महिने मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं. रंगनाथ दुसऱ्याची रिक्षा चालवायला लागला. साहेब मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच फार लागलं. रंगनाथ मात्र बोलला: "नाना, चूक करायची तर खुशाल करा. पण सांगायची कशाला?"

*

दोन महिन्यांनी काम आलं ते पेठच्याही पुढचं. डोंगराच्या उतारावर एक पाडा. तिथं शाळा बांधायची होती. पोरं तोवर कुडाच्या एका छपरात बसत. जागेवर उपअभियंता स्वतः हजर. कागद तयार करूनच आणलेला.

"सोनवणे, खडक आठ फुटांवर. एवढं लिहा आणि सही करा. मार्चच्या आत गेलं नाही तर शाळेचा पैसा परत जातो. आणि सही झाली तर अशा अकरा शाळा आहेत माझ्याकडे. सगळ्या तुमच्या."

अकरा शाळा! रंगनाथनं माझ्याकडे बघितलं. पुन्हा रिक्षा चालवायची नाही, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं.

आम्ही तीन भोकं पाडली. दोनमध्ये आठ फुटांवर दगड लागला. तिसऱ्यात पंचवीस फूट गेलो तरी नुसती माती. साहेबांनी दगडाचे तुकडे हातात घेऊन उलटसुलट बघितले. "हा खडक वाटत नाही. मातीत रुतलेले सुटे धोंडे असावेत."

"दोन भोकं हो म्हणतात, एक नाही म्हणतं," उपअभियंता म्हणाले. "लोकशाही आहे!"

"वरच्या माळावर घेऊया का शाळा? तिथं कातळ उघडाच दिसतोय."

"नकाशा या जागेचा मंजूर आहे. जमिनीसाठी नकाशा बदलायचा म्हणता?"

त्या माळाच्या कडेला, उघड्या कातळावर, एकच घर होतं. सोमीआजीचं. मी तिच्याकडे प्यायला पाणी मागायला गेलो. तिच्या दारातून खाली बघितलं की शाळेची जागा दिसायची, आणि जागेच्या कडेला एक जुना आंबा, बुंध्यापाशी जरा कलता. दारापासून तो चांगला तीसेक पावलं उताराला होता.

तांब्या देताना आजी म्हणाली, "बाबा, माझी नात बसंल का हो त्या साळंत?"

"बसेल की."

"मग थितं नका बांधू. ती जमीन चालते."

मी खाली येऊन साहेबांना सांगितलं. उपअभियंत्यांनी ऐकलं आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले. "जमीन चालते! अहो, चार वर्षांपूर्वी या जागेच्या चारी कोपऱ्यांच्या खुंट्या मी स्वतः ठोकून घेतल्यात. आंब्याच्या बुंध्यापासून पहिली खुंटी वीस फूट, दुसरी पन्नास. नकाशात लिहिलंय. जमीन चालली असेल तर खुंट्या सरकल्या असतील, हो की नाही? धरा टेप! होऊन जाऊ दे!"

मी टेपचं टोक आंब्याच्या बुंध्याला धरलं. ते स्वतः दुसरं टोक घेऊन गेले. पहिली खुंटी वीस फूट. दुसरी पन्नास. मग उरलेल्या दोन्हीही मोजल्या. सगळी मापं नकाशाबरहुकूम!

"बघा! चार वर्षांत एक इंचाचा फरक नाही! आता काय म्हणणं आहे?" त्यांनी कागद जीपच्या बॉनेटवर पसरला. "करा सही."

साहेबांनी कागद पुढं ओढला. रंगनाथ त्यांच्या हाताकडे बघत होता आणि जन्मात पहिल्यांदा गप्प होता. खरं सांगतो, मीही मनात म्हणत होतो, करा साहेब. आता तर मोजूनही झालं.

सोमीआजी काठी टेकत टेकत उतरून आली होती. तिनं टेपकडे बघितलं. आंब्याकडे बघितलं. मग उपअभियंत्यांना म्हणाली, "कुठून मोजलं, सायेब?"

"आंब्यापासून, आजी. एक इंच फरक नाही."

"आंब्यापासून मोजल्यावर कसा पडंल फरक?" आजी म्हणाली. "मी नवरी होऊन आले तव्हा ह्यो आंबा माझ्या दारात होता."

 साहेबांनी मान वर करून आजीच्या घराकडे बघितलं. मग खाली आंब्याकडे. कागदाची घडी घातली आणि उपअभियंत्यांच्या हातात दिली.

"नाना, मशीन माळावर चढवूया."

रंगनाथ पाइप सोडायला लागला. आम्ही चढायला लागलो. मागून उपअभियंत्यांचा आवाज आला. हातात टेप तसाच, नकाशा वाऱ्यावर फडफडतोय.

"अहो, थांबा! नकाशात आंबा इथंच आहे!"